चिखलात उतरण्यापूर्वी



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिला जात होता तेव्हा आम्ही शेजारीच उभे होतो. एक वृद्ध गृहस्थ थांबले, ‘चिखलात उतरण्यापूर्वी’ एवढे शब्द त्यांनी चष्मा वर करून वाचले आणि आम्हाला म्हणाले, ‘‘यंदा निवडणुकीवर बोलणार वाटतं कुणीतरी?’’ त्यांची निराशा करणे आमच्या जिवावर आले, पण सांगावे लागले की हा चिखल खराखुरा आहे, माती आणि पाणी यांचा. त्यात उतरणाऱ्या माणसाने अंगावर काय घालावे आणि पायात काय घालावे, एवढाच आजचा प्रश्न. गृहस्थ म्हणाले, ‘‘त्यात एक तास बोलण्यासारखं काय आहे? जुनं असेल ते घालावं!’’ आता ते तिसऱ्या रांगेत बसलेले आम्हाला दिसत आहेत. हे जे ‘जुनं असेल ते घालावं’ असे सार्वत्रिक मत आहे, त्याच्याविरुद्धच आज आम्हाला बोलावयाचे आहे.

ज्यांना या शर्यती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पाच-सहा किलोमीटरांपासून वीस-बावीस किलोमीटरांपर्यंत वाट आखलेली असते. वाटेत उंच लाकडी भिंती, लोंबते दोरखंड, सरपटत जाण्यासाठी खाली बांधलेल्या काटेरी तारा, खांद्यावर वाहून न्यावयाची वाळूची पोती असतात. आणि जागोजाग मुद्दाम खणून, पाणी सोडून तयार केलेला चिखल असतो. एखाद्या ठिकाणी बर्फाचे तुकडे टाकलेल्या पाण्याचे टाकेही असते, आणि त्यात डोक्यापर्यंत बुडून पलीकडे निघावयाचे असते. इंग्लंडात वुल्वरहॅम्प्टन शहराजवळच्या पर्टन गावी १९८७ साली ‘टफ गाय’ नावाची अशी शर्यत सुरू झाली, आणि तीही ऐन जानेवारीत! पुढे २०१० साली अमेरिकेत ‘टफ मडर’ आणि ‘स्पार्टन रेस’ निघाल्या आणि हे खूळ जगभर पसरले. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या आसपास अशा शर्यती होतात आणि चांगल्या नोकरीतली मुलेमुली पैसे भरून त्यांत भाग घेतात.

मावळात आमच्या एका मावशी राहतात. त्यांच्या चार खाचरांत भात होतो. आम्ही अशा शर्यतीत भाग घेतल्याचे त्यांच्या कानावर गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘पैसं भरून चिखलात लोळता होय रं? मग आमच्याकडं लावणीला या की! उलट मजुरी देऊ.’’ यावर आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. पण मावशी आज पुन्हा येणार आहेत, कारण चिखलातल्या पायांविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते आम्हाला फार उशिरा कळले.

आमची पहिली शर्यत आम्ही ‘जुनं असेल ते’ घालूनच धावलो. शर्यतीचे नाव सांगत नाही. महिना डिसेंबरचा, वेळ सकाळची, जागा एका उघड्या माळावरची. अंगात सुती बनियन, त्यावर जाड सुती टीशर्ट, खाली सुती ट्रॅकपँट आणि पायांत वर्षभर सकाळी फिरण्यासाठी वापरलेले, तळ गुळगुळीत झालेले बूट, असा आमचा थाट होता. पहिल्या खड्ड्यात कमरेइतके पाणी होते. त्यातून बाहेर आलो तेव्हा ट्रॅकपँट ओल्या गोधडीसारखी जड झाली होती आणि आमच्याबरोबर यावयास ती तयार नव्हती. कमरेची नाडी भिजून आत गेलेली. पुढे भिंत आली. भिंत दोन हातांनी चढावयाची असते. आमचा एक हात विजारीला गुंतलेला. मागून एक पोरगा ओरडला, ‘‘काका, आधी विजार सांभाळा, भिंत कुठं पळून जात नाही!’’ सगळे हसले, आम्हीही हसलो.

यानंतर जे झाले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. बर्फाच्या टाक्यातून निघालो आणि वाट माळाच्या धारेवर चढली. तिथे वारा होता. भिजलेले सुती कपडे अंगाला चिकटून बसलेले. पाच-सात मिनिटांत हुडहुडी भरली आणि ती चालण्याने जाईना. बुटाची नाडी सुटली म्हणून वाकलो, तर बोटांना गाठ बांधता येईना. गाठ कशी बांधतात हेच जणू आठवेना. वाटेवरच्या एका स्वयंसेवक मुलीने नाव विचारले. आम्ही सांगितले, पण तिला ते कळले नाही, कारण जीभ जड झाली होती. ती मुलगी शहाणी होती. तिने आम्हाला वाऱ्याच्या आडोशाला नेले, ओला शर्ट काढावयास लावला, कोरडी चादर गुंडाळली आणि गोड चहा पाजला. पुढे एका डॉक्टर मित्राने सांगितले की शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की डोके नीट चालेनासे होते. सर्वांत घातक गोष्ट ही, की आपले डोके चालेनासे झाले आहे हे त्या माणसाला स्वतःला समजत नाही. आम्ही तर शर्यत पुरी करण्याच्या गोष्टी बोलत होतो म्हणे!

हे का झाले? कापसाचा धागा पाण्याचा मोठा लोभी. साध्या हवेत, घडी करून कपाटात ठेवलेला कोरडा सुती कपडाही आपल्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर धरते जेमतेम ०.४ टक्का. मग बुचकळून काढल्यावर काय होत असेल याची कल्पना करा. सुती कपड्यात पाणी धाग्याच्या आत शिरते आणि लवकर निघत नाही. आता पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कोरडा कपडा अंगाभोवती हवेचा थर कोंडून ठेवतो, म्हणून ऊब वाटते. भिजल्यावर त्या हवेची जागा पाणी घेते आणि आपल्या अंगाची ऊब बाहेर नेऊन सोडू लागते. वर वारा असला की ते पाणी वाफ होताना आणखी उष्णता ओढून घेते. माठातले पाणी गार होते ते याच रीतीने. त्या माळावर आमचा माठ झाला होता.

ज्या प्रदेशाने खादी अंगावर मिरवली त्या प्रदेशात उभे राहून कापसाची निंदा करणे आम्हालाही जड जाते. पण ही निंदा नव्हे. अकोल्याच्या मे महिन्यात सुती सदऱ्यासारखे वस्त्र नाही. घाम शोषून धरणे आणि सावकाश सोडून अंग गार ठेवणे, हाच त्याचा गुण. जो गुण मे महिन्यात तारतो तोच डिसेंबरच्या वाऱ्यात मारतो, इतकेच. शर्यत कडक उन्हाळ्यात, सपाटीवर आणि तासाभराची असेल तर सुती कपड्याने जीव जाणार नाही. फक्त विजार जाईल.

मग काय घालावे? पॉलिएस्टर हा धागा इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली शोधला आणि ‘टेरिलीन’ या नावाने तो बाजारात आला. सभागृहात जी पिकली डोकी दिसत आहेत त्यांना टेरिलीनचा सदरा आठवत असेल. लग्नात मिळालेला तो सदरा इस्त्रीवाचून कडक राहत असे आणि जेवणाच्या पंगतीत आत माणूस उकडून निघत असे. त्या आठवणीमुळे पुष्कळ लोक या धाग्याचे नाव काढले की नाक मुरडतात. पण आता धागा तोच असला तरी विणकर बदलला आहे. खेळाडूंसाठी विणलेले हलके, जाळीदार पॉलिएस्टर पाणी पोटात घेत नाही. ते धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरते आणि चटकन उडून जाते. पिळून झटकले की निम्मे वाळले. असा शर्ट महागच असावा लागतो असे नाही. आतल्या पट्टीवर ‘कॉटन’ हा शब्द नसला म्हणजे झाले.

गार हवेत मात्र आमचे मत लोकरीच्या बाजूला पडते. लोकर ओलावा कापसापेक्षाही अधिक घेते, सुमारे १६ टक्के. पण तो ती वाफेच्या रूपाने धाग्याच्या आत घेते आणि तसे करताना थोडी ऊब बाहेर टाकते. धाग्याचे वरचे अंग स्निग्ध आणि खवलेदार असल्याने थेंब वरच्यावर ठरतो. शिवाय लोकर कुरळी. भिजली तरी सपाट होत नाही आणि हवा कोंडून ठेवण्याचे काम सोडत नाही. आमचा धनगर आषाढातल्या पावसात घोंगडे पांघरून माळावर उभा राहतो तो काही हौसेने नव्हे. या बाबतीत त्याचे शास्त्र आम्हा शहरी लोकांपेक्षा पक्के आहे.

इथे एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनमधील कान्सू प्रांतात, डोंगरातून जाणारी १०० किलोमीटरांची एक शर्यत झाली. १७२ जण धावले. त्यांत नवखे कोणी नव्हते. देशातले नामांकित धावपटू होते. सकाळी हवा बरी होती, म्हणून बहुतेकांच्या अंगावर पातळ बनियन आणि अर्धी चड्डी. वारा अडवणारे जाकीट बरोबर घेण्याची सक्ती नव्हती. दुपारी, उंच भागात असताना, गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदम आला. त्या दिवशी २१ धावपटू गारठून मेले. दरीत पडून नव्हे, छाती फुटून नव्हे. भिजलेले पातळ कपडे आणि वारा एवढ्यानेच ते मेले. त्याच डोंगरात एक मेंढपाळ गुहेत आडोशाला बसला होता. त्याने सहा जणांना गुहेत आणले, शेकोटी केली, रजयांत गुंडाळले; ते सहाही वाचले. मूठभर वजनाचे, घडी करून कमरेला बांधता येणारे ते जाकीट बाकीच्यांजवळ असते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हाला अजून सोडीत नाही. तेव्हापासून शर्यत कितीही छोटी असो, डोंगरावर किंवा हिवाळ्यात असली की ते जाकीट आमच्या कमरेला असते. पोरे हसतात. हसू देत.

कपड्याच्या बेताविषयी फार सांगावयास नको, कारण आपल्या लोकांना ते कुणी शिकवावे लागले नाही. आखाड्यातला पैलवान लांग घट्ट कसतो, लावणीला उतरणारी बाई नऊवारीचा काष्टा गुडघ्यावर ओढून खोचते. दोघांचा हिशेब एकच. कुठे अडकावयास नको आणि कुठे साचावयास नको. शर्यतीचे कपडेही तसेच, अंगाबरोबरचे हवेत. ढगळ शर्ट काटेरी तारेत अडकतो. खिसा म्हणजे चिखलाचे पेव. असेल तर शिवून टाकावा. तारांखालून सरपटताना गुडघे आणि कोपरे सोलवटतात, म्हणून पोटरीपर्यंत पोचणारी तंग विजार अर्ध्या चड्डीहून बरी. दोरखंडावर चढायचे असेल तर नडगी झाकणारे लांब मोजे हवेतच. दोर पायाला घासत सरकला म्हणजे कातडीची काय अवस्था होते ते पाहिलेला मनुष्य पुन्हा आखूड मोजे घालत नाही. अंगठी घरी ठेवावी, लग्नाची असली तरी. भिंतीच्या कडेला किंवा खिळ्याला अंगठी अडकली आणि अंगाचे वजन खाली आले, तर बोट जाण्याची वेळ येते. गळ्यातले, कानातलेही तसेच. हातमोज्यांबद्दल मतभेद आहेत. आमच्या अनुभवाने चिखलाने माखलेला हातमोजा उघड्या हाताहून अधिक निसटतो. पांढरा रंग टाळावा, नाहीतर घरी आल्यावर दुसरी शर्यत सुरू होते.

आता बुटांकडे येतो. खरे पाहता आमचे निम्मे व्याख्यान तिथेच आहे.

१९३५ साली इटलीच्या बाजूच्या आल्प्समध्ये, पुंता राझिका या शिखरावर, विताले ब्रामानी नावाचा एक गिर्यारोहक सोबत्यांना घेऊन चढत होता. त्या काळी डोंगरात वापरण्याचे जड बूट तळाला खिळे ठोकलेले असत. खडकाची उभी चढण आली की ते काढून ठेवावयाचे आणि पातळ, मऊ तळाचे जोडे घालावयाचे, अशी रीत होती. खडकावर ते छान धरत; पण बर्फात आणि ओल्यात त्यांचा काही उपयोग नसे आणि ऊबही नसे. वर असतानाच वादळ आले आणि त्यांना परतता येईना. त्या चढाईत ब्रामानीचे सहा सोबती मरण पावले. तो वाचला, आणि पुढे दोन वर्षे त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: खडकावर आणि ओल्यावर, दोन्हीकडे धरील असा एकच तळ करता येणार नाही काय? १९३७ साली त्याने रबराचा तळ तयार केला आणि त्याला खोल, ठसठशीत दात पाडले. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा दिसतो म्हणून त्याचे नावही रणगाडा असेच, ‘कार्रार्माटो’. स्वतःच्या नावातली अक्षरे जोडून त्याने ‘व्हिब्रम’ ही कंपनी काढली. १९५४ साली इटालियन तुकडीने के-टू हे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे शिखर प्रथम सर केले तेव्हा त्यांच्या पायांत हेच तळ होते. आज बाजारात डोंगरासाठी म्हणून जो बूट मिळतो, मग तो कुणाचाही असो, त्याच्या तळाचे दात हे त्या सहा माणसांच्या मागे राहिलेल्या एका माणसाच्या विचारातून आलेले आहेत.

तेव्हा दुकानात गेलात की बूट प्रथम उलटा करून पाहा. दुकानदार तुम्हाला वरचा रंग दाखवील. तुम्ही तळ पाहा. दात पाच-सहा मिलिमीटर तरी खोल हवेत, आणि तेवढेच महत्त्वाचे, ते एकमेकांपासून दूर हवेत. मोटारीचे टायर आणि ट्रॅक्टरचे टायर शेजारी ठेवून पाहा म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. मोटारीच्या टायरवरच्या खाचा बारीक आणि दाटीवाटीच्या. शेतात गेले की त्या चिखलाने भरतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरते. ट्रॅक्टरचे दात मोठे आणि विरळ. चिखल येतो तसा गळून पडतो. रस्त्यावर धावण्याचे गुबगुबीत बूट म्हणजे मोटारीचे टायर. उलटपक्षी सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या कातळावर नुसते दात पुरत नाहीत, तिथे रबर मऊ लागते. नखाने दाबून पाहावे. तळ प्लॅस्टिकसारखा कडक, चकचकीत असेल तर तो बूट पावसाळी कड्यावर नेऊ नये. दर पावसाळ्यात पाय घसरून दरीत पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांतले काही पाय तरी चुकीच्या तळांवर उभे असतात.

दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला बूट चिखलाच्या शर्यतीसाठी घेऊ नये. पाणी आत येऊ न देणारा बूट पाणी बाहेरही जाऊ देत नाही. गुडघाभर पाण्यात उतरल्यावर ते वरून आत शिरणार हे ठरलेले. मग त्या बुटाची घागर होते आणि ती पायाला बांधून धावावे लागते. बूट जाळीदार हवा. पाणी येईल, पण दहा पावलांत पचापचा करीत निघूनही जाईल. चामड्याचा बूट पाणी पिऊन जड होतो आणि वाळला की आक्रसून कडक होतो; कोल्हापुरी वहाणेचा तर इथे उल्लेखही पाप आहे.

अविनाश साबळे हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला हा जवान २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. त्याच्या ३००० मीटरांच्या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडावा लागतो आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. म्हणजे शर्यतभर पाय ओलेच. त्याला लागणारा बूटही पाणी रोखणारा नसतो. हलका आणि पाणी चटकन सोडून देणारा असतो.

तिसरी गोष्ट नाडीची. चिखलातून पाय काढताना बूट मागेच राहतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. पाय रुतला की तळाखाली हवा उरत नाही. वर खेचू लागलात की खाली पोकळी होऊ पाहते आणि बाहेरच्या हवेचा दाब बूट खालीच दाबून धरतो. म्हशीचा खूर दुभंगलेला असतो. रुतताना तो फाकतो, उचलताना मिटतो, आणि बाजूने हवा शिरावयास वाट मिळते. आपल्याला ती सोय नाही. म्हणून पाय सरळ वर उपटू नये. आधी टाच हलवून, थोडा तिरका करून, मग काढावा. आणि बूट पायाला नीट बांधलेला असावा. बुटाच्या अगदी वरच्या टोकाला, जरा मागे, एक जादा भोक असते. ते कशासाठी ठेवले आहे असे आम्ही अनेक मोचीदादांनाही विचारले. त्याचा उपयोग असा: नाडीचे टोक शेवटच्या भोकातून त्याच बाजूच्या या जादा भोकात घालून छोटा फास करावयाचा, दुसऱ्या बाजूलाही तसाच, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून खाली ओढावयाचे आणि दुहेरी गाठ मारावयाची. टाच बुटात अशी बसते की चिखलाने कितीही ओढले तरी बूट निघत नाही. उरलेली टोके आत खोचावी.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. पुढे अंगठ्यापलीकडे बोटभर जागा असावी. नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. शर्यतीच्या दिवशी कोरा बूट घालू नये, चार वेळा भिजवून, धावून मगच न्यावा. मोजे पातळ लोकरीचे किंवा नायलॉनचे असावेत; सुती मोजा भिजून गोळा होतो आणि त्याच्या सुरकुत्या फोड आणतात. नखे दोन दिवस आधी कापावी.

शर्यत संपल्यावर काय करावे, याबद्दल मात्र सावकाश बोलले पाहिजे. चिखलाच्या पाण्याला आम्ही सगळेच हलके समजतो. २००० साली बोर्निओ बेटावरच्या सबा प्रांतात जंगल आणि नद्या यांतून जाणारी मोठी साहसी शर्यत झाली. स्पर्धक आपापल्या देशी परतले आणि तापाने अंथरुणाला खिळू लागले. तपासणाऱ्यांनी १८९ जणांना गाठले. त्यांपैकी ८० जणांत लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे निघाली. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येणारा, कातडीवरच्या साध्या ओरखड्यातून आत शिरणारा तो जंतू. मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तो चांगलाच माहीत झाला आहे आणि कोकणातल्या शेतकऱ्यांना तर त्याची ओळख करून द्यावयास नको. म्हणून पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, ते पाणी तोंडात जाऊ देऊ नये, बाहेर आल्याबरोबर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने अंग धुवावे. नंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर ‘मी चिखलात उतरलो होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते.

आणि आता मावशी. पायांची बोटे ओली राहून त्यांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होते, भिजल्या कागदासारखी सुटते, त्याला आपल्या भाषेत नाव आहे, चिखल्या. रोगाचे नाव चिखलावरून ठेवणाऱ्या भाषेला चिखलाचा अनुभव किती जुना असेल! पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, फ्लँडर्सच्या खंदकांतून पाण्यात उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय सडले, पुष्कळांचे कापावे लागले. भारतीय पलटणीही तिथे होत्या. तिथल्या डॉक्टरांनी शेवटी काढलेला इलाज औषधाचा नव्हता. दिवसातून मोजे बदला, पाय पुसून कोरडे करा, तेल चोळा आणि एकमेकांचे पाय तपासा, असा तो हुकूम होता.

आम्ही एका पावसाळ्यात मोठ्या उत्साहाने मावशींसाठी गमबूट नेले. त्यांनी ते घातले, खाचरात चार पावले टाकली आणि पाचव्या पावलाला मावशी पुढे आल्या, डावा गमबूट मागे राहिला. त्या म्हणाल्या, ‘‘ह्येला काढाया आणखी एक गडी लावावा लागंल.’’ लावणीच्या लोण्यासारख्या चिखलात, रोप पायाखाली येते की काय हे बोटांनी जोखत मागे सरकावयाचे असते; तिथे अनवाणी पायच खरा, हे आम्हाला कबूल करावे लागले. पण रात्री पाहतो तो मावशी चुलीपुढे बसून, लुगड्याच्या कोरड्या फडक्याने पायाचे एकेक बेचके पुसत होत्या. मग कोकमतेल चोळले. मग शेजारी बसलेल्या सुनेचा पाय ओढून घेतला आणि उजेडाकडे धरून पाहिला. ‘‘बघ, हितं सुरू झालंय. उद्या बांधावरनं मुठी दे, चिखलात उतरू नको.’’ सैन्याचा हुकूम त्या घरात अक्षरशः पाळला जात होता. तेव्हापासून शर्यतीला जाताना आमच्या पिशवीत कोरडे मोजे, पंचा आणि तेलाची बाटली असते, आणि गाडीत बसण्यापूर्वी सगळी मंडळी एकमेकांचे पाय पाहतात. रस्त्यावरच्या लोकांना ते दृश्य विचित्र वाटते.

बुटांची व्यवस्था तेवढी सांगावयाची राहिली. चिखल ओला असतानाच धुवावा. आतली गादी काढून वेगळी ठेवावी. बुटात जुने वर्तमानपत्र चुरगाळून कोंबावे, दोन-तीन तासांनी कागद बदलावा आणि बूट सावलीत, वाऱ्यावर ठेवावेत. उन्हात किंवा आगीजवळ ठेवू नयेत. तळ चिकटवलेला डिंक उष्णतेने सैल होतो. हे आम्ही अनुभवाने सांगतो. त्याच मुक्कामात आमचे बूट वाळत नाहीत असे पाहून मावशींनी, आम्ही झोपल्यावर, मायेने ते उचलून चुलीच्या वैलाशी ठेवले होते. सकाळी उठून पाहिले तो दोन्ही तळ जिभेसारखे बाहेर लोंबत होते, आणि मावशी विचारत होत्या, ‘‘वाळलं का रं बाबा नीट?’’